दारापाशी विचारायचा प्रश्न

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात कुणी जिवाचं बरंवाईट करेल अशा भीतीने फोन आला, की पोलीस वेंडेल आणि समुपदेशक म्हणून मी एकाच गाडीतून निघतो. दार वाजवण्याआधी मी त्याला नेमाने विचारते, "घरात बंदूक आहे का?" नियंत्रण कक्षाकडून माहिती काढून सांगणं हे त्याचं काम. तो तीन वर्षं माझी टर उडवतोय. "डॉक्टरीणबाई, ऐंशीच्या आजीकडे काय तोफ असणार?" मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून मी थकले आहे.

आज दुपारी एका शेजारणीचा फोन आला. पलीकडच्या घरातली मुलगी खोलीत कोंडून घेऊन रडते आहे, मरायचं म्हणते आहे. पत्ता ऐकताच वेंडेलने गाडी सुसाट सोडली.

"अरे, नकाशा तरी लाव!"

"रस्ता माहितीये."

"आणि तो भोंगा बंद कर. घाबरेल ती. किती वेळा सांगायचं?"

त्याने भोंगा बंद केला.

दारापाशी मी वैतागूनच विचारलं, "घरात बंदूक आहे का? आणि आज कृपा करून विनोद नको."

"आहे. माझ्या कपाटातल्या तिजोरीत. आकडा तिला माहितीये, तिचीच जन्मतारीख आहे."

त्याने खिशातून किल्ली काढली. ती कुलपात शिरेना.

"लोर्ना," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आधी काय बोलायचं असतं?"