शिळं पाणी

नगरपालिकेचा पाणी तपासणारा नवा बोलका नळ फुसफुसला, तसं शेवंताने सवयीने हंड्यातलं कालचं शिळं पाणी अंगणात ओतून दिलं. नळाने पहिला घोट चाखला, तांबडा दिवा लावला आणि स्वतःची तोटी आवळली.

“पाणी दूषित आहे. पिऊ नका.”

“मेल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं?”

आत जुलाबाने मलूल झालेली नात पाणी मागत होती. साऱ्या आळीची अंगणं ओली आणि हंडे रिकामे! शेवंता धावतच पाणी सोडणाऱ्या तुळशीरामकडे गेली. त्याच्या ओट्यावर कालच्या, नळाने चांगलं ठरवलेल्या पाण्याचे चार हंडे काठोकाठ भरलेले होते.

“तू शिळं ओतलं नाहीस?”

“काकू, टाकी मी रोज आतून बघतो,” तुळशीराम म्हणाला आणि नजर चुकवत त्याने एक हंडा तिच्या कमरेवर दिला.