शाखेचा रंग

"बनियन गळ्यातून दिसते, राखीताई. काढा ती." शाळेच्या मॅडमनी सेफ्टी पिना ओठांत धरूनच सांगितलं.

"मॅडम, त्याच्या अंगाले चट्टे उठलेत. सुती बनियन तरी राहू द्या."

"फोटो एकदाच निघतो."

राखीनं बनियन काढली. पाच वर्षांच्या युवराजच्या उघड्या अंगावर केजीच्या पदवीदानाचा भाड्याचा गाऊन चढला. काळा, चकचकीत, पॉलिस्टरचा. राखीचं स्वतःचं बी.ए.चं सर्टिफिकेट कॉलेजच्या खिडकीतून हातात पडलं होतं. निदान लेकाचा तरी असा फोटो भिंतीवर लागावा, म्हणून ती गप्प बसली. आता त्याच गप्प बसण्याचा तिला राग येत होता.

वणीतला एप्रिल. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरं ओळीनं उकडत होती. एकुलता एक कूलर स्टेजवर, पाहुण्यांच्या पाठीमागे. पाहुणे म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक. त्यांच्याही अंगात गाऊन.

"हा वेश युरोपातल्या दगडी मठांतून आला," ते माइकवर सांगत होते. "तिथं कडाक्याची थंडी. ऊब राहावी म्हणून असा पायघोळ झगा."

"इथं कोणाले थंडी वाजून राह्यली?" सासू लालीबाई पदरानं वारा घेत मोठ्यानं बोलली. पुढच्या बाया खुदखुदल्या.

राखीला हसू आलं नाही. तिची नजर युवराजवरून हलत नव्हती. तो शेडच्या खांबाला पाठ घासत होता.

भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस घरी झोपायच्या खोलीत आढ्याला टेकला होता. त्या ढिगाला लागूनच तो झोपायचा. उन्हं तापली तशी कापसानं सगळ्या घराला खाज सुटली. पोराची तर पाठ सोलून निघाली.

"आणि हा पट्टा," प्राध्यापकांनी आपल्या खांद्यावरचा शेंदरी पट्टा उचलून दाखवला, "याच्या रंगावरून शाखा ओळखू येते. कोण काय शिकून आलं, लांबूनच कळतं."

"याडी," युवराज रडकुंडीला येऊन आईला म्हणाला, "काढ ना हे!"

"अहो, आधी सर्टिफिकेट!" मॅडम धावल्या.

राखी त्याला काखेत उचलून तरातरा स्टेजवर चढली. त्याला उभं करून पिना तटातट उपसल्या, गाऊन मॅडमच्या हातात कोंबला आणि युवराजची पाठ पाहुण्यांकडे वळवली. मानेपासून कमरेपर्यंत लालबुंद.

"सर, लांबूनच कळते म्हणता ना?" तिचा आवाज माइकमधून शेडभर घुमला. "मग सांगा, हा लाल कोणत्या शाखेचा?"



कूलरचं वारं युवराजच्या पाठीवर आलं. त्यानं डोळे मिटले. आई खाली चल म्हणाली, तरी तो तिथून हलेना.