भुशाची साक्ष

रंधा मारायचं मशीन मला सरकारी योजनेतून मिळालं होतं. ते वापरात आहे का, बघायला साहेब येणार होते. नसेल तर परत नेणार. बायकोने सकाळीच कारखाना घासूनपुसून लख्ख केला. "साहेबांना कचरा दिसायला नको!" साहेबांनी मशीनवर बोट फिरवलं. बोटाला लाकडाचा भुसा लागला नाही. "याला तर हातही लागलेला नाही." "रोज चालतं हो!" म्हणत मी बटण दाबलं. नेमकी लाइट गेलेली. मी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात रडवेल्या बायकोने आतल्या खोलीचा पडदा बाजूला ओढला. सकाळी लपवलेली भुशाची पोती धडाधड कोसळून फुटली. साहेब गुडघाभर भुशात उभे राहून शिंकले, मग पोट धरून हसले. "मशीन तुमचंच," म्हणत त्यांनी सही केली. ते जाताच बायकोने झाडू उचलला. मी म्हटलं, "राहू दे गं हा भुसा, डोळे भरून बघू दे!"