आजोबांचं नाव

"भरलेले टोमॅटो आहेत, आजोबा. सकाळीच भाजलेत. आणू?" द्रिताने विचारलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून टेबलावर अंथरलेल्या कागदाला कडेने चिमटे लावले.

म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. आपल्या सुनेला तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता. तिला मात्र तो कोण हे ठाऊक नव्हतं.

ग्रीसमधल्या एजिना बेटाच्या बंदरावरचा पर्यटकांचा हंगाम सरला होता. शेजारच्या दोन खानावळींनी खुर्च्या एकात एक घालून साखळीने बांधून टाकल्या होत्या. इथे, मुलाच्या खानावळीत, एक जर्मन जोडपं तेवढं कोळंबी खात बसलं होतं. आभाळ सकाळपासून उतरून आलं होतं आणि समुद्र शिशासारखा दिसत होता.

म्हाताऱ्याचं नाव स्तामातिस. समुद्रापलीकडच्या पिरेयस बंदरात बोटी दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. एकुलता एक मुलगा मिल्तोस अल्बानियाहून मजुरीला आलेल्यांच्या पोरीशी लग्न करतो म्हणाला, तेव्हा स्तामातिसने भर कॉफीच्या दुकानात, चारचौघांसमोर त्याला सुनावलं होतं, "कर खुशाल. पण तिच्या पोटच्याला माझं नाव ठेवलंस तर याद राख."

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, हे या मुलखात कोणी कोणाला विचारत नाही. ते ठरलेलंच असतं. तेच नाकारलं की मागे उरतं काय? मिल्तोसने कप खाली ठेवला आणि निघून गेला. पुढे आईला माती द्यायला आला, पण माती देऊन झाल्यावर बापाच्या हातची कॉफी न घेताच बोटीवर चढला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण बायको गेल्यावर रिकाम्या घरात एकटं जेवताना म्हाताऱ्याचा पीळ हळूहळू सुटत गेला. आज तो एवढंच ठरवून आला होता: जेवायचं, मुलाला डोळे भरून पाहायचं. त्याच्या तोंडावर राग दिसला, तर गुपचूप संध्याकाळची बोट पकडायची.

टोमॅटो आले. आत भात, पुदिना, बेदाणे. पहिल्याच घासाला म्हाताऱ्याला बायको आठवली. तिच्या हातची चव मिल्तोसने या परक्या पोरीला शिकवली होती तर.

"नवरा कुठे आहे तुझा, पोरी?"

"मासळी आणायला गेलेत. येतीलच आता." एवढं बोलून ती मागच्या अंगणाकडे वळली आणि ओरडली, "स्तामातिस! परत पाण्यात गेलास ना? ये इकडे, पाय पुसते तुझे! उगाच शिंकत बसशील!"

म्हाताऱ्याच्या हातातला काटा ताटलीत पडला.

"छातीत दुखतंय का आजोबा?" द्रिताने पाणी पुढे केलं.

"नाही, नाही. कोणाला हाक मारलीस?"

"आमच्या स्तामातिसला, दुसरं कोणाला! सकाळपासून उच्छाद मांडलाय नुसता. तुमच्या ताटलीपाशी फिरकू देऊ नका हं, डोळ्यांदेखत पळवतो."

"केवढा आहे?"

"ईस्टरला चार होतील."

"मग शाळा आता जवळच आली."

द्रिता खळखळून हसली. "शाळा! याला कोण घेईल शाळेत? मास्तर दुसऱ्या दिवशी राजीनामा देतील."

म्हातारा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. लहानपणी त्याच्याबद्दलही गावात असंच बोलायचे.

"नाव कोणी ठेवलं?" त्याने हळूच विचारलं.

द्रिताचं हसू मावळलं. ती टेबलावरचे पावाचे तुकडे उगाचच गोळा करू लागली. "यांनीच. सासऱ्यांचं नाव आहे. मी म्हटलं होतं, नको, शोभत नाही. पण हे ऐकायलाच तयार नाहीत. हेच ठेवायचं म्हणाले."

"आणि सासरे? आले होते कधी?"

"त्यांना आम्ही चालत नाही, आजोबा." तिने ताटलीकडे बोट दाखवलं. "खा तुम्ही. गार होतंय."

म्हाताऱ्याने ताटली बाजूला सारली. आपण बोलू नये ते बोललो आणि पोराने ते गिळून आपलं नाव लावलं. सुनेचं मन मोडून लावलं! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली कितीतरी दिवसांनी बरंही वाटलं. आता संध्याकाळची बोट पकडायची नव्हती. आधी या पोरीची माफी मागायची, मग नातवाला मांडीवर घ्यायचं, मग मिल्तोस काय बोलेल ते मुकाट्याने ऐकायचं.

अंगणातून मिल्तोसचा आवाज आला. "अरे सोड, सोड रे गाढवा! आधी टोपली तर खाली ठेवू दे!" आणि तो मोठ्याने हसला. असं मनमोकळं हसताना बापाने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

म्हाताऱ्याने तोंड पुसलं, सदरा सारखा केला आणि टेबलाचा आधार घेत तो उठून उभा राहिला.

"स्तामातिस! टाक ती मासळी! टाक म्हणतो ना!"

स्वयंपाकघराच्या दारावरचा पट्ट्यांचा पडदा हलला आणि एक भलामोठा पिवळा कुत्रा, पोटापर्यंत भिजलेला, तोंडात मासा धरून बाहेर धावत आला. त्याच्या मागोमाग मिल्तोस आला आणि जागीच थांबला.

त्याने बापाकडे पाहिलं. मग नजर न हलवता, आवाज न चढवता तो म्हणाला, "स्तामातिस, खाली बस."

कुत्र्याच्या आधी म्हातारा बसला.