उभी की आडवी

डॉक्टरीणबाईंनी कागदाची एक पट्टी राजमहंमदच्या तोंडासमोर धरली आणि विचारलं, उभी आहे की आडवी?

राजमहंमदला हसू आलं. "बाई, मला काय बी दिसत न्हाई. मघाधरनं सांगतोय."

"माहीत आहे. तरी सांगा. तोंडाला येईल ते."

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यातलं, हातकागद बनवणाऱ्यांच्या वस्तीतलं ते अंगण. साल एकोणीसशे सत्तावन्न. राजमहंमदची बायको कमरजहाँ दाराची चौकट धरून उभी होती. पट्टी उभी असो नाहीतर आडवी, तिला काय त्याचं. तिला एवढंच कळायला हवं होतं, की आपला नवरा लबाड आहे की काय. शुक्रवारी नमाजानंतर मोहल्ल्याची जमात याचा निवाडा करणार होती, आणि बायको म्हणून तिचाच शब्द मानणार होती. नवरा आंधळा असेल, तर मोहल्ला त्याचं घर चालवणार होता. सोंग करत असेल, तर लगद्याच्या हौदावरची त्याची जागा कायमची जाणार होती, आणि अब्रू त्याही आधी.

पाच महिन्यांपूर्वी कुकडी नदीवर कागदाचा लगदा धुताना त्याचा पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. शुद्धीवर आला तो आंधळा होऊनच. पण पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि कुजबुज सुरू झाली. मग धाकट्या भावानं, अन्सारनं, त्याला बोळातून जाताना पाहिलं. दोन्ही भिंतींवर ओले कागद वाळायला चिकटवलेले. नवखा माणूस तिथून गेला की दहा-पाच कागदांची वाट लागलीच म्हणून समजा. राजमहंमदचा खांदा एकाही कागदाला लागला नाही. मध्ये कुणीतरी ठेवलेल्या बादलीलाही त्यानं सरळ वळसा घातला. भावानं सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली, असं अन्सार त्या दिवसापासून सांगत सुटला.

कमरजहाँनंही एकदा मुद्दाम वाटेत पाट टाकून पाहिला होता. नवरा तो ओलांडून गेला. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

डॉक्टरीणबाई, म्हणजे इंद्रायणीबाई, पुण्याहून नारायणगावला एस.टी. बदलून आल्या होत्या. डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या मनाचं आणि आठवणींचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत. स्वतःच्या मुलांची नावं विसरलेला, पण फेटा मात्र बिनचूक बांधणारा माणूस त्यांनी पाहिला होता. हे त्यांनाही नवं होतं.

"आडवी," राजमहंमद म्हणाला, पीडा टळावी म्हणून.

पट्टी आडवीच होती. मग उभी, पुन्हा उभी, मग आडवी. प्रत्येक वेळी तो कुरकुरायचा, की ही काय पोरखेळाची तऱ्हा, आपण आपलं उगीच ठोकून देतोय. बाई वहीत खुणा करत होत्या. चाळीस वेळा पट्टी धरून झाली, तेव्हा त्यांची पेन्सिल थांबली. चाळीसच्या चाळीस बरोबर.

अन्सारचा चेहरा खुलला. "बघा बाई. समदं दिसतंय त्याला. मी काय येगळं सांगत व्हतो?"

कमरजहाँनं नवऱ्याकडे पाठ फिरवली.

"अन्सारभाऊ," बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला आंधळ्याचं सोंग घ्यायचं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

चुकीचं सांगितलं असतं, असं अन्सार बोलून गेला.

"सोंग घेणारा मुद्दाम चुकतो. हे एकदाही चुकले नाहीत. यांना दिसतंय; पण दिसतंय हे यांना कळत नाही."

राजमहंमद दाढी कुरवाळत बसला होता. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "मंग बघतंय कोण, बाई?"

एवढ्या शिकल्या-सवरलेल्या बाई, पण त्यांनी माहीत नाही म्हणून सांगून टाकलं. कमरजहाँच्या अंगावर काटा आला. अठरा वर्षं या माणसाबरोबर संसार केला, आणि त्याच्या आत असं काही जागं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःलाही नव्हतं. आणि आपण त्याच्या वाटेत पाट टाकत होतो, याची तिला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारी जमातीपुढं आपण येऊन सांगू का, असं बाईंनी विचारलं.

"नको," कमरजहाँ दारातून म्हणाली. "मीच सांगंन."

अन्सार मान खाली घालून बाहेर निघून गेला. कमरजहाँनं बांगड्या वाजू नयेत म्हणून वर सारल्या, अनवाणी पावलांनी अंगणात उतरली आणि नवऱ्यासमोर येऊन बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता. बाईंनी पाहिलं आणि श्वास रोखून धरला.

राजमहंमद त्यांना सांगत होता, की ह्या नुसत्या अंदाजावर त्याचा काही भरवसा नाही, अंधार तो अंधारच. बोलता बोलता त्याचा हात उठला. तो चाचपडला नाही, वाट चुकला नाही. सरळ तिच्या गालापाशी गेला आणि अंगठ्यानं डोळ्याखालचं पाणी पुसलं.

अंगठ्याला ओल लागली तसा राजमहंमद दचकला.

"कोण हाय?" त्यानं विचारलं.