चादरीखालचे हात

बांगड्या वाजल्या की सासूबाईंची बोटं आधी मुडपायची, मग दोन्ही हात चादरीखाली जायचे. नजर आणि बोलणं दोन्ही गेल्यापासून त्या माणसं कानांनीच ओळखत. सुचेताने एकदा बांगड्या काढून खोलीत जाऊन पाहिलं होतं. हात चादरीवरच राहिले.

आज महानंदाअक्का आल्या, हातभर हिरवा चुडा घालून. राजाजीनगरात त्यांच्या मंडळाने म्हाताऱ्या माणसांसाठी चार खोल्या केल्या होत्या. पंधरा दिवस तिथे सांभाळत, तेवढीच घरच्यांना उसंत. वर्षभर सुचेताच नको म्हणत आली होती.

अक्का पलंगाशी वाकल्या, चुडा किणकिणला, आणि हात चादरीखाली गेले. अक्कांनी हळूच चादर सारली. दंडावर चिमट्यांचे डाग होते, काही पिवळे पडलेले, काही अजून निळे.

"अय्यो शिवा! कुणी केलं हे?"

"ती कामाची बाई, यल्लव्वा. परवाच काढून टाकलं तिला," सुचेताचा नवरा वासुदेव दारातून म्हणाला. "आता सुचेताच सगळं करणार. आईला बाहेर ठेवायची गरजच नाही."

"सरी बिडी, ठीक आहे मग," अक्का उठल्या. "सून असावी तर अशी."

त्या निघाल्या तशी सुचेताने त्यांचा हात धरला. तिच्या बांगड्या वाजल्या. पलंगावरचे हात पुन्हा चादरीत शिरले.

"यल्लव्वाच्या हातात बांगड्या नव्हत्याच, अक्का," ती म्हणाली. "आईंना आजच घेऊन जा."