अखंड वीजपुरवठा

दुर्बीण तांबड्या ताऱ्यावर नेमकी स्थिरावली आणि वीज गेली. हेमांगीने टेबलावर हात आपटला. पणजोबांच्या पिढीने आख्खा सूर्य पॅनलांनी झाकून वीज आणली होती, तरी जमिनीखालच्या या वसाहतीतलं भारनियमन काही सुटत नव्हतं. शेजारच्या या एका ताऱ्याच्या अभ्यासात तिचे केस पिकले आणि वीज खात्याकडे तक्रारी करून करून तोंडाला फेस आला.

शेवटी खात्याने तक्रार मनावर घेतली, म्हणजे नवी जोडणी येईपर्यंत होती ती वीजही तोडली. बारा वर्षं ती बंद दुर्बिणीपाशी चडफडत बसली.

आज खात्याचे कुलथे साहेब नारळ, पेढे घेऊन स्वतः आले. त्यांनी बटण दाबलं. दुर्बीण घरघरत ताऱ्याकडे वळली. पडदा काळाच राहिला.

“तारा कुठाय?”

“झाकला ना, मॅडम. तुमच्या तक्रारीवरूनच मंजुरी मिळाली. नाहीतर नवी वीज आणणार कुठून?”

साहेबांनी नारळ फोडला, पेढा तिच्या हातावर ठेवला.

“आता वीज जायची नाही. निवांत बघत बसा.”